टीएमटी नॉर्मल आली म्हणजे खेळायला मोकळे का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, राहणार दादर, नोकरी बीकेसीत. दर शनिवारी रात्री ऑफिसच्या ग्रुपबरोबर टर्फवर बॉक्स क्रिकेट, आणि येत्या जानेवारीत हाफ मॅरेथॉन धावायचा विचार. मध्यंतरी त्याच टर्फवर दुसऱ्या टीममधला एक जण दुसरी रन काढताना कोसळला आणि गेला. घरचे म्हणतात, आता खेळणं बंद. यांनी कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटी (ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) करून घेतली, तिन्ही नॉर्मल. आणखी काही करायला हवं का? शिवाय १५ वर्षांचा मुलगा शिवाजी पार्कला सीझन बॉलवर क्रिकेट खेळतो, त्याचीही तपासणी करावी का?

खेळणं बंद करू नका. हे आधी लिहून टाकतो, कारण असा प्रसंग घडला की घराघरात पहिला निर्णय हाच होतो आणि तो चुकीचा असतो. नियमित खेळणाऱ्या माणसाला हृदयविकार होण्याची शक्यता न खेळणाऱ्यापेक्षा कमीच असते. धोका असतो तो दुखणं आधीपासून आत असून माहीत नसण्याचा, आणि पाच दिवस खुर्चीत बसून सहाव्या दिवशी एकदम जीव तोडून पळण्याचा.

तुमच्या पत्रात तीन रिपोर्ट आहेत. पण तुमचं बीपी किती, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) किती, सिगारेट ओढता का, वडिलांना किंवा काकांना कधी काय झालं होतं, टर्फवर पळताना छातीत, जबड्यात, घशात काही होतं का, यातलं एक अक्षरही नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक धावपटूंची फाइल अशीच असते. यंत्रातून निघालेले कागद जाडजूड आणि माणसाची माहिती कोरी. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे, त्यामुळे तीच जरा सविस्तर सांगतो.

आधी टीएमटी. पट्ट्यावर चालवताना दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात. स्नायूला रक्त कमी पडलं की ईसीजीची रेघ खाली सरकते आणि टेस्ट पॉझिटिव्ह ठरते. म्हणजे रक्तवाहिनी इतकी अरुंद झाली असायला हवी की श्रम करताना रक्त कमी पडावं. साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त ब्लॉकेज असेल तरच हे नीट दिसतं, आणि तेव्हाही काही सुटतातच. पण चाळिशीतल्या माणसाला अचानक येणारा अटॅक पुष्कळदा ३०-४० टक्क्यांच्या ब्लॉकेजवर येतो. चार पदरी रस्त्याची एक लेन खणून ठेवली तरी रविवारी सकाळी गाड्या सुरळीत जातात, तसं त्या नळीतून रक्त व्यवस्थित जात असतं. मग एके दिवशी चरबीच्या त्या थरावरचा पापुद्रा फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि नळी काही मिनिटांत पूर्ण बंद होते. आदल्या आठवड्यात टीएमटी केली असती तरी ती नॉर्मलच आली असती. कोणी गेलं की लोक म्हणतात, ‘अहो, महिन्यापूर्वीच सगळ्या टेस्ट नॉर्मल होत्या.’ त्यांचं म्हणणं खरं असतं आणि टेस्टही बहुधा चुकलेली नसते.

दुसरी गोष्ट, टीएमटी कुठे थांबवली ते पाहा. २२० मधून वय वजा करून जास्तीत जास्त ठोके काढतात; तुमचे १७७. त्याच्या ८५ टक्क्यांना, म्हणजे १५० ला पोचलात की हेल्थ चेकअपच्या रांगेत बऱ्याच ठिकाणी ‘टार्गेट अचीव्ह्ड’ लिहून पट्टा बंद करतात. तुम्ही टर्फवर चोरटी दुहेरी रन घेताना १७० ला सहज जात असाल. तुमच्या खेळाच्या वेगाला हृदयाचं काय होतं, हे त्या कागदात नाहीच. खेळणाऱ्या माणसाची टीएमटी करायचीच असेल तर तो खरोखर दमेपर्यंत करायला सांगावी, अर्थात हृदयरोगतज्ज्ञ शेजारी उभा असताना.

एका पेशंटचं सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीच्या आतला, तीन हाफ मॅरेथॉन पूर्ण केलेला, अंगावर चरबी नाही. तक्रार अशी की, हाजी अलीहून पेडर रोडचा चढ लागला की छातीच्या मधोमध जळजळ सुरू होते आणि केम्प्स कॉर्नरचा उतार लागला की आपोआप थांबते. त्याने यावर उपाय शोधला होता: शॉर्ट्सच्या छोट्या खिशात एनर्जी जेलच्या शेजारी अँटासिडची गोळी. चढाच्या पायथ्याशी गोळी चघळायची, उतारावर बरं वाटायचं आणि श्रेय गोळीला जायचं. टीएमटी नॉर्मल होती, ८५ टक्क्यांना थांबवलेली. अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी नळी सुरुवातीलाच जवळजवळ बंद निघाली. स्टेंट बसला, आज तो पुन्हा पळतो. त्याच्या दुखण्याचं निदान कुठल्याही यंत्राआधी त्याच्या त्या एका वाक्यात होऊन गेलं होतं. श्रमाने सुरू होतं आणि थांबलं की थांबतं, असं काहीही, मग ते छातीत असो, घशात, जबड्यात, दोन्ही खांद्यांच्या मध्ये की डाव्या हातात, ते सिद्ध होईपर्यंत हृदयाचंच धरायचं. ॲसिडिटीला चढ-उतार कळत नाही. बायकांमध्ये हेच पुष्कळदा नुसती धाप, मळमळ किंवा न ओळखू येणारा थकवा म्हणून येतं, आणि ‘दगदग झाली असेल’ म्हणून घरातच निकाली निघतं.

आता तुम्ही काय करायचं? बीपी मोजा, एकदा नव्हे, वेगवेगळ्या दिवशी घरी, शांत बसून. उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी. लिपिड प्रोफाइल. त्यात एलडीएल १०० च्या वर असेल तर ‘लॅबच्या रेंजमध्ये आहे’ म्हणून खूश होऊ नका. आपल्याकडच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत कमी धोक्याच्या माणसालाही १०० च्या खालीच ठेवायला सांगितलं आहे, धोका जास्त असेल तर ७० च्या खाली. आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए, ज्याला लॅबवाले ‘एलपी लिट्ल ए’ म्हणतात. नेहमीच्या पॅकेजमध्ये ते नसतं, मागून घ्यावं लागतं. ते आई-वडिलांकडून आलेलं असतं, पथ्याने किंवा धावून हलत नाही. आपल्या लोकांत ते वाढलेलं पुष्कळ सापडतं. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकी कोलेस्टेरॉलकडे जास्त कडकपणे बघावं लागतं.

एवढं सगळं कशासाठी, तर आपण दक्षिण आशियाई लोक या बाबतीत घाई करतो. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात आपल्याकडच्यांना पहिला अटॅक आला ते मधलं वय ५३ होतं, इतरांचं ५८-५९. अंगाने सडपातळ आहोत, पळतो, म्हणून सुटलो असं होत नाही. सौरव गांगुलीला २ जानेवारी २०२१ ला घरी व्यायाम करतानाच त्रास झाला. वय ४८, तीन नळ्यांत ब्लॉकेज. बांगलादेशचा तमीम इक्बाल २४ मार्च २०२५ ला ढाक्यातल्या लीग सामन्यात मैदानावरच आजारी पडला, तेव्हा तो अवघा ३६ वर्षांचा होता.

या सगळ्यानंतरही चित्र मधलंच राहिलं, म्हणजे एलडीएल थोडं जास्त, बीपी काठावर, वडिलांना साठीच्या आत अटॅक, तर कॅल्शियम स्कोअर हा चांगला पुढचा टप्पा आहे. साधा सीटी स्कॅन, सुई नाही, डाय नाही, काही मिनिटांत होतो. शून्य आला तर येत्या काही वर्षांपुरता बराच दिलासा, शंभराच्या वर आला तर कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करण्याबद्दल वाद घालायचं कारण उरत नाही. एक पुस्ती: सिगारेट ओढणाऱ्या तरुण माणसाच्या नळीतला मऊ थर यात दिसत नाही, त्यामुळे शून्य म्हणजे परवाना नव्हे. उगाच ‘फुल बॉडी’ पॅकेजमधली सीटी अँजिओग्राफी मात्र लक्षणं नसताना करू नका.

टर्फ आणि मॅरेथॉन यांत मला जास्त काळजी टर्फची वाटते. मॅरेथॉनवाला निदान चार महिने तयारी करतो. टर्फवाला दिवसभर एसीत बसून, नऊ वाजता वडापाव किंवा बिर्याणी खाऊन, वॉर्मअपच्या नावाखाली एक सिगारेट ओढून, साडेदहाला पहिल्याच बॉलवर धावत सुटतो. १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं की जे एरवी आठवड्यातून एकदाही जोराचा व्यायाम करत नसत, त्यांच्यात जोरदार श्रमानंतरच्या तासाभरात अटॅकची शक्यता शंभर पटींहून अधिक वाढत होती. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांत जेमतेम अडीच पट. मुळात एका तासाचा धोका अगदी नगण्य असतो, म्हणून शंभर पट ऐकून घाबरू नका. पण आठवड्यातले तीन-चार दिवस अर्धा तास भरभर चालणं किंवा जॉगिंग जोडलंत, तर शनिवारचा खेळ किती सुरक्षित होतो ते यातून कळेल.

आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनेही १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ मध्ये निष्कर्ष छापले. ७२९ मृत्यू तपासले. कोविडच्या लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण हा प्रश्न प्रत्येक ओपीडीत येतो. धोका वाढलेला दिसला तो घरात अचानक मृत्यूचा इतिहास असणाऱ्यांत, कोविडने हॉस्पिटलात भरती झालेल्यांत, आणि आदल्या ४८ तासांत भरमसाट दारू, नशेचे पदार्थ किंवा फार जोराचे श्रम झालेल्यांत. शुक्रवारची पार्टी आणि शनिवारचा टर्फ हे समीकरण तुमच्या ग्रुपमध्ये असेल तर त्यातलं एक काढा. जिममधले ‘फॅट बर्नर’ आणि प्री-वर्कआउटचे डबे हाही त्याच यादीतला माल आहे. आत नेमकं काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मुलाचा प्रश्न पूर्ण वेगळा आहे. साधारण ३५ ही सीमारेषा धरतात. त्यापुढे मैदानावरच्या मृत्यूचं मुख्य कारण रक्तवाहिन्यांतलं ब्लॉकेज. त्याच्या आत बहुतेक वेळा जन्मजात किंवा आनुवंशिक दोष. हृदयाचा स्नायू अवाजवी जाड असणं, ठोक्यांच्या विजेच्या वायरिंगमध्ये गडबड, हृदयाची रक्तवाहिनी भलत्याच जागेहून निघालेली असणं. शिवाय विषाणूमुळे स्नायूला येणारी सूज. स्नायू जाड असण्याचा दोष सुमारे ५०० माणसांत एकाला असतो. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए २६ जून २००३ ला कोलंबियाविरुद्ध खेळताना मधल्या वर्तुळात कोसळला तो याच दोषामुळे, वयाच्या २८व्या वर्षी.

अशा मुलांची सरसकट तपासणी करावी का, यावर आमच्यातच दोन तट आहेत. इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी कायद्याने सक्तीची केली, आणि तिथल्या व्हेनेटो भागात खेळाडूंचे अचानक मृत्यू लाखामागे वर्षाला ३.६ वरून ०.४ वर आले. इस्रायलने असाच कायदा केला तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत फरक दिसला नाही. अमेरिकेत आजही मुख्य भर प्रश्न विचारण्यावर आणि स्टेथोस्कोपवर आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २० वर्षांत ११,१६८ कुमार खेळाडू ईसीजी आणि इकोसह तपासले; ४२ जणांत जिवावर बेतू शकणारा दोष सापडला. पण पुढे हृदयामुळे जे आठ जण दगावले, त्यांतल्या सहांची तपासणी नॉर्मल होती.

माझं मत: स्पर्धात्मक खेळणाऱ्या मुलाचा एक ईसीजी जरूर करावा. केईएम, नायर, सायन अशा पालिकेच्या कुठल्याही हॉस्पिटलात होतो, बाहेरही काही शे रुपयांचं काम आहे. पण तो वाचणारा खेळाडूंचे ईसीजी पाहिलेला हवा. रोज सराव करणाऱ्या मुलाचे ठोके ४५-५० असणं हे सरावाचं फळ आहे, आजार नव्हे. १६ वर्षांखाली छातीवरच्या पहिल्या तीन लीडमध्ये (ईसीजीच्या जोडण्यांत) टी लाट, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या शेवटचा उंचवटा, उलटी दिसणं पुष्कळदा स्वाभाविक असतं. तीच उलटी लाट डाव्या बाजूच्या पाचव्या-सहाव्या लीडमध्ये दिसली तर मात्र मी त्या मुलाला इको, आणि गरज पडली तर एमआरआय झाल्याशिवाय मैदानावर सोडत नाही. हा फरक न कळल्यामुळे चांगली मुलं वर्षभर घरी बसवलेली मी पाहिली आहेत.

आणि ईसीजीच्या आधी मुलाला, तुम्ही समोर नसताना, कोणीतरी विचारायला हवं: पळताना कधी डोळ्यांपुढे अंधारी आली का, शुद्ध हरपली का, छातीत दुखलं का, बरोबरीच्या मुलांपेक्षा लवकर दम लागतो का. टीममधून काढतील या भीतीने मुलं हे घरी सांगत नाहीत. खेळून झाल्यावर उन्हात उभं राहून चक्कर येणं वेगळं. ऐन धावताना कोसळणं ही धोक्याची घंटा आहे, लिंबू सरबत पाजून विषय मिटवू नये. मग घराण्याची चौकशी. पन्नाशीच्या आत कोणी अचानक गेलं का? आपल्याकडे ‘झोपेतच गेले’, ‘विहिरीत पोहताना गेला’, ‘गाडी चालवताना ताबा सुटला’ एवढ्यावर गोष्ट संपते. वय विचारा, नेमकं काय घडलं ते विचारा. ही माहिती वडिलांपेक्षा गावाकडच्या आत्याला किंवा आजीला जास्त असते, असा माझा अनुभव आहे. एक फोन करा.

ताप असताना खेळू देऊ नका. पावसाळ्यात कांगा लीगच्या दिवसांत व्हायरल आणि डेंग्यू दोन्ही जोरात असतात, आणि ‘गोळी घेऊन उतर, फायनल आहे’ म्हणणारे कोच कमी नाहीत. विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल तर श्रमाने ठोके बिघडू शकतात. तशी सूज सिद्ध झाली तर तीन ते सहा महिने खेळ बंद आणि मग पुन्हा तपासणी, त्याला तडजोड नाही.

सीझन बॉलबद्दल एक सांगायलाच हवं. छातीवर हृदयाच्या नेमक्या वर, ठोक्याच्या एका विशिष्ट क्षणी चेंडू आदळला तर पूर्ण निरोगी मुलाचं हृदयही थांबू शकतं. क्वचित घडतं, पण कुठल्याही तपासणीत हे आधी कळत नाही. २ जानेवारी २०२३ ला अमेरिकन फुटबॉलपटू डमार हॅमलिन छातीवर आघात होऊन असाच कोसळला, मैदानावरच उपचार झाले आणि तो पुढे पुन्हा खेळला.

इथून मी त्या गोष्टीवर येतो जी तुम्ही विचारलीच नाहीत. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चियन एरिक्सन इटलीतल्या क्लबकडून खेळत होता, म्हणजे जगातली सर्वांत कडक तपासणी त्याची झालेली होती. तरी १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये तो कोसळला. तो वाचला तो लगेच छाती दाबली गेली आणि जवळच शॉक देण्याचं यंत्र होतं म्हणून. अमेरिकेतल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनचा हिशेबही तेच सांगतो. २००० ते २०१० मध्ये १ कोटी ९ लाख धावपटूंपैकी ५९ जणांचं हृदय बंद पडलं, त्यांतले ४२ गेले. २०१० नंतरच्या १३ वर्षांत हृदय बंद पडण्याचं प्रमाण तेवढंच राहिलं, पण दगावण्याचं निम्म्यावर आलं. पहिल्या काही मिनिटांत छाती दाबणारे हात आणि यंत्र वाढले, हे त्याचं मोठं कारण.

म्हणून तुमच्या टर्फच्या मालकाला विचारा, एईडी, म्हणजे ते शॉक देण्याचं यंत्र, आहे का, कुठे आहे, आणि रात्री अकराला त्या खोलीला कुलूप असतं का. यंत्र नसेल तर ग्रुपने वर्गणी काढून घ्या; जर्सी छापायला दरवर्षी पैसे निघतातच. कोणाचाही धक्का न लागता खेळाडू कोसळला, हाक मारून हलत नाही, श्वास नीट नाही, तर हृदय बंद पडलंय असंच धरायचं. हातपाय झटकले तर लोकांना फीट वाटते, मग चप्पल हुंगवतात, तोंडात चमचा घालतात. अधूनमधून घशातून घरघर येते, तिला श्वास समजतात. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे हे दोन्ही होतं. एकाने १०८ ला फोन, एकाने यंत्र आणायला पळायचं, एकाने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. शॉकला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने, छाती कोणी दाबत नसेल तर, वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि शनिवारी रात्री ॲम्ब्युलन्स किती वेळात पोचेल याचा अंदाज मुंबईकराला मी सांगायला नको. यंत्र वापरायला डॉक्टर लागत नाही. ते बोलून सांगतं आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही.

हाफ मॅरेथॉनसाठी एवढंच की, छातीच्या मधोमध कधी काही होत नसेल आणि वरचे आकडे ठीक असतील तर जरूर धावा. शेवटच्या किलोमीटरला फोटोसाठी वेग वाढवू नका. अमेरिकेच्या त्या नोंदीत बरेच जण शेवटच्या टप्प्यातच कोसळले होते. धावण्याआधी दुखीची गोळी घेऊ नका. घड्याळातला ईसीजी ठोक्यांचा अनियमितपणा पकडतो, अटॅक पकडत नाही. त्यावर ‘नॉर्मल’ आलं म्हणून छातीत दुखत असताना धावत राहू नका.

पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा टीएमटीचा नुसता शेवटचा पानभर निष्कर्ष नेऊ नका, किती मिनिटं चाललात आणि ठोके कुठवर गेले ते आलेख असलेली पानं न्या. जुना ईसीजी असेल तर तोही, तुमचा आणि मुलाचा. घरी घेतलेले बीपीचे आकडे, एलडीएल, एलपी लिट्ल ए, आणि आत्याने फोनवर जे सांगितलं ते एका कागदावर.